म्हैसमाळची मुसळी, आज मायक्रोस्कोपखाली
काल म्हैसमाळच्या डोंगरावरून आणलेल्या सफेद मुसळीच्या (औषधी मुळ्यांची रानवनस्पती) कळ्या आज तपासल्या. पेशी होत्या तशाच टिकाव्यात म्हणून तोडल्या तोडल्याच तीन भाग अल्कोहोल, एक भाग ॲसिटिक आम्लात टाकल्या होत्या.

मुसळीचा तुरा मला फार आवडतो. खालच्या कळ्या वयाने मोठ्या, शेंड्याकडच्या लहान. खाली पराग तयार होऊन गेलेले, वर अजून काहीच सुरू नाही. अर्धसूत्री विभाजन, म्हणजे पराग बनताना गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारं पेशीविभाजन, सापडतं ते मधल्या इवल्याशा कळ्यांत. परागकोश ॲसिटोकार्मिनमध्ये (गुणसूत्रं लाल रंगवणारं द्रावण) फोडला, कव्हरस्लिप (पातळ काच) ठेवून अंगठ्याने दाबलं, आणि दिसल्या की! 16 गुणसूत्रांच्या 8 जोड्या, लालबुंद, सुट्या सुट्या. शेजारच्याच पेशीत 8 इकडे, 8 तिकडे निघालेली. किती वेळ नुसती बघत बसले.

रानकांदा या कंदाच्या रानटी झाडात हे नेहमी असं जमत नाही. त्याची 20 गुणसूत्रांची झाडं असतात, तशी 30 ची त्रिगुणितही, म्हणजे गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असलेली. तिथे तिसऱ्या संचामुळे वाटणी बिघडते, बराचसा पराग वांझ निघतो आणि झाड कंदांवरच वाढतं.

मुसळीला मात्र बी धरतं. म्हणूनच फुलोऱ्याच्या आधीच डोंगरावरून उपटून नेलेल्या मुळ्या बाजारात दिसल्या की जीव तुटतो. भावांनो, खणायचीच असेल तर निदान बी पडेपर्यंत थांबा.