अमरावती वृत्तात बसत नाही

चौदा वर्षं मी कथा लिहितेय. दिवाळी अंकांसाठी, वर्षाला दोन, फार तर तीन. दोन वर्षांपूर्वी एका संपादकांनी कथा परत केली आणि फोनवर सांगितलं, "छान आहे हो, पण तुमच्या कथेचा शेवट आता पहिल्या पानावरच दिसतो." आधी राग आला. मग कपाटातले जुने अंक काढून बसले आणि राग उतरला. बाई खिडकीशी उभी राहते, तिला काहीतरी आठवतं, चहा गार होतो. चार कथांत चहा गार झाला होता.

जिथे पसरताच येणार नाही असं काहीतरी लिहून बघू, म्हणून गझलेकडे वळले. माझं अख्खं आयुष्य अमरावतीत गेलंय. सुरेश भटांचं गाव हे. तरी नव्यांसाठी त्यांनी लिहिलेली 'गझलेची बाराखडी' मी पन्नाशीपर्यंत उघडली नव्हती. ती पहिल्यांदा हातात दिली राजापेठेतल्या काकांनी. काका बाबांचे मित्र, पोस्टातून निवृत्त झालेले. गझल लिहितात, पण छापायला देत नाहीत.

पहिल्या दिवशी त्यांनी वहीत लिहून दिलं: लगागा लगागा लगागा लगागा. ल म्हणजे लघू, आखूड अक्षर; गा म्हणजे गुरू, लांब. मी बावरले. ते म्हणाले, "मनाचे श्लोक पाठ आहेत ना? मंग झालं तर." खरंच की, गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा! भुजंगप्रयात हे वृत्त लहानपणापासून तोंडात होतं, फक्त नाव माहीत नव्हतं.

चाल तोंडात असणं वेगळं आणि त्यात आपले शब्द बसवणं वेगळं. 'रस्ता'मधला र गुरू, कारण पुढच्या जोडाक्षराचा आघात त्याच्यावर येतो. 'तुझ्या'मधला तु मात्र लघूच, तिथे आघात येत नाही. हे डोळ्यांनी नाही, कानांनी ठरतं, आणि माझे कान गद्याचे. शिवाय या वृत्तात दोन लघू शेजारी येतच नाहीत. म्हणजे घर बसत नाही, मन बसत नाही, कविता बसत नाही. अमरावती तर नाहीच नाही. 'घराला', 'मनाचे' असं शेपूट लावलं की बसतं. दोन लघूंना एक गुरू धरायची सूट काही जण घेतात, पण काकांनी बजावलं होतं, "पहिलं वर्षभर सूट नाही."

पहिली ओळ आली ती अशी: तुझे नाव ओठी कधी आणले ना. मोजली, बरोबर निघाली. त्या आनंदात दुसरी लिहिली: तुला मी कधीही मला मागले ना. काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "मागले कोन म्हन्ते वो? मागितले म्हन्तात. वृत्तासाठी शब्दाचा हात मोडला तुम्ही." मतला, म्हणजे गझलेचा पहिला दोन ओळींचा शेर, तिथेच गेला.

मग दुसरी जमीन, म्हणजे यमकांचा नवा साचा, घेतली. दार, वार, अंधार असे काफिये, म्हणजे यमकाचे शब्द, आणि शेवटी 'होते' ही रदीफ, म्हणजे दर शेराच्या शेवटी तसाच येणारा शब्द.

जुन्या त्या घराचे जुने दार होते
तिथे थांबलेले किती वार होते

यावर ते म्हणाले, दोनदा जुने कशाला? एक भरतीचं आहे. ते मान्य केलं. पुढच्या शेरात मी लिहिलं, 'घराच्या पुढे फक्त अंधार होते'. वृत्त चोख, व्याकरण गेलं. अंधार होता म्हणावं तर रदीफ मोडते. बहुवचनी नाहीतर नपुंसकलिंगी काहीतरी शोधत मी आठवडाभर भाजी चिरत होते.

पण हे सगळं सुटण्यासारखं होतं. खरी पंचाईत पुढे झाली. पाच शेर झाले (किमान पाच हवेत) आणि मी मोठ्या तोऱ्यात वही घेऊन गेले. काकांनी वाचलं. मग टेबलावरचं एक जुनं पोस्टकार्ड उचललं, त्याने वरचे दोन शेर झाकले, तळव्याने खालचे दोन झाकले आणि मधला एकच उघडा ठेवून विचारलं, "ही 'ती' कोन?"

"वरच्या शेरातली. त्या घरातली."

"वरचा शेर नाही आहे आता."

पाचही शेरांवर त्यांनी ते पोस्टकार्ड फिरवलं. दाराचा शेर सोडला तर एकही शेर स्वतःच्या पायावर उभा राहीना. भटांनी शेराला स्वतंत्र कविताच मानलं आहे. मी मात्र एका घराची गोष्ट पाच तुकड्यांत सांगत होते. गझलेचा पोशाख घातलेली माझी नेहमीचीच कथा. मुसलसल गझल असते, तिच्यात एकच विषय चालतो, हे मला तोवर समजलं होतं आणि मी लगेच तो बचाव पुढे केला. काका म्हणाले, "ते जमल्यावर. न जमल्यावर नाही."

त्यानंतर दोन महिने मी काही दाखवलं नाही. रोज एकच शेर लिहायचा, रात्री त्यावर कार्ड ठेवल्यासारखं करून वाचायचा आणि खोडायचा. कथेत मी वाचकाचा हात धरून त्याला खोलीत नेते, खुर्ची देते, दिवा लावते. इथे दाराशीच सोडून निघून यायचं. ते जमेना. दुसऱ्या ओळीत काहीतरी समजावून सांगितल्याशिवाय चैन पडत नसे.

एकदा एका मयतीला पोचायला उशीर झाला. परत येताना रिक्षातच दोन ओळी आल्या आणि मोजाव्याही लागल्या नाहीत:

मला यायला वेळ झाला जरासा
तुझ्या अंगणी लोक चिक्कार होते

काकांनी कार्ड उचललंच नाही. नुसतं "चिक्कार" एवढंच पुन्हा म्हणाले आणि वही परत दिली.

कोजागरीला त्यांच्या गच्चीवर आठ-दहा जण जमले होते. तिथे मी हा शेर पहिल्यांदा म्हटला. दुधाचे पेले भरता भरता काकू थांबल्या. "काय वो, लगीन होतं का मयत?"

मी सांगायला तोंड उघडलं. समोरून काकांनी हात हलवून मला गप्प बसवलं आणि दुधाचा पेला पुढे केला.