युरियाच्या पोत्याची खोळ

वडगावात मामांकडे गेलो होतो, दुपारचा. परसात दोरीवर दोन साड्या, एक पंचा आणि त्यांच्या मधोमध मामेभावाच्या पोराची सायकलिंगची जर्सी वाळत होती. गडद निळी, डाव्या बाहीवर पांढरा पट्टा. राफा कंपनीची. मामांचं आयुष्य मागावर गेलेलं. कापड दिसलं की त्यांची चिमूट आपोआप पुढे होते. बाही चोळून बघितली, उन्हाकडे धरली आणि म्हणाले, "ही होजिअरी रे. म्हणजे बनियनच की!"

पोरानं किंमत सांगितली. दहा हजारांच्या वर. मामांनी बाही हळूच सोडून दिली.

मी हसलो खरा, पण याच कंपनीची जर्सी रात्री मोबाइलवर मोठी करून करून बघणाऱ्यांतला मी. हे मामांना सांगायची काय गरज?

राफा २००४ साली लंडनमध्ये निघाली. नाव घेतलं जुन्या फ्रेंच संघाचं आणि त्या संघाला ते मिळालं होतं सां-राफाएल नावाच्या दारूवरून. तसं सायकलवाल्याचं अंग पहिल्यापासून जाहिरातीलाच दिलेलं. टूर द फ्रान्सची पिवळी जर्सी पिवळी का, तर स्पर्धा भरवणारं वर्तमानपत्र पिवळ्या कागदावर छापायचे. इटलीतली गुलाबी जर्सीही तशीच, गुलाबी कागदावरून आलेली. राफाची हुशारी एवढीच की त्यांनी अक्षरं बारीक केली. छातीभर नाव छापलेली जर्सी स्वस्तात मिळते. जितकं कमी लिहिलेलं, तितकी महाग. मला जाहिराती मिरवणाऱ्या जर्सींचा मनापासून तिटकारा आहे, म्हणजे मी या सापळ्यातलं अगदी ठरलेलं गिऱ्हाईक.

कंपनीची सुरुवात झाली तीच मुळी एका प्रदर्शनानं. नाव 'किंग्ज ऑफ पेन', म्हणजे यातनांचे राजे. जुने शर्यतवाले, घाटात वाकलेले, चेहऱ्यावर चिखल आणि यातना. ते फोटो बघताना मला आठवतात ते उचगाव-बेळगुंदीकडून पहाटे शहरात येणारे दूधवाले. कॅरिअरला दोन्हीकडे कॅन, हँडलला आणखी एक. बेळगावचा पाऊस म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. त्यात डोक्यावरून युरियाच्या पोत्याची खोळ, पाठीवर खताच्या कंपनीचं हे एवढं नाव, पायजम्याला क्लिप. आमच्या दारात आले की खोळ जराशी मागं सारायचे आणि आईच्या पातेल्यात माप ओतायचे. पावसाचा एक थेंब दुधात पडू द्यायचे नाहीत. मी तेव्हा त्यांच्या सायकलीकडे बघत उभा. ते आत पाणी प्यायला गेले की दांडीखालून पाय घालून हाफ पेडल मारायचो, कॅन लावलेले असतानासुद्धा. एकदाही ओरडले नाहीत. त्यांचा फोटो कुणी काढला नाही. बहुधा त्यांनी काढूही दिला नसता, गिऱ्हाइकं खोळंबली असती.

आणि तरीही, ती जर्सी चांगली आहे हो. पोरानं मला घालून बघायला दिली होती. मागच्या खिशात फोन, किल्ल्या, दोन केळी टाकून राजहंसगडाच्या चढाला लागलो, तरी खिसा लोंबला नाही. घाम आला आणि गेला, कळलंही नाही. वाईट असती तर किती सोपं झालं असतं!

परवडणं हा मुद्दा तसा नवा नाही. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी इथं बेळगावातच सायकलचं दुकान काढलं, तेव्हा खुद्द सायकल हीच चैन होती. तेव्हाही कुणा मामानं चाकाला बोट लावून किंमत विचारली असेलच.

२०१७ मध्ये राफा विकली गेली. घेणारे वॉलमार्टच्या वॉल्टन घराण्यातले दोन भाऊ. म्हणजे आजोबांनी जगाला स्वस्त विकून जमवलेल्या पैशातून नातवांनी महागाचं दुकान घेतलं. हे कळल्यावर माझा मोह उतरायला हवा होता. उतरला नाही. उलट सेल कधी लागतो, यावर लक्ष ठेवून असतो.

सेलमध्ये शेवटी उरतात एक्स्ट्रा स्मॉल. त्या मापात मी बसत होतो तेव्हा हाफ पेडल मारत होतो.