कार्ड गेलं असणार

तासगावच्या एका पोराचा फोन आला तेव्हा माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात चार गिऱ्हाईकं उभी होती. पोरगा लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो, शेवटी कॉम्प्युटर सगळं जोडून पक्का व्हिडिओ बनवतो त्याला रेंडर म्हणतात. "दादा, रेंडरला लावलं की पाच मिनिटांत स्क्रीन काळी होतीय. ग्राफिक्स कार्डाचे पंखे मात्र जोरात फिरतात." मी एका प्रिंटरचा रोलर बसवत होतो. त्याच नादात म्हणालो, "कार्ड गेलं असणार."

आठ दिवसांनी तो कॅबिनेट चादरीत गुंडाळून सांगलीला आला. आत नवं आरटीएक्स 3060 कार्ड, पतसंस्थेचं कर्ज काढून घेतलेलं. दुखणं तेच. "आता तर दोन मिनिटंबी टिकत नाही, दादा." जुनं जीटीएक्स 1660 सुपर पिशवीत होतं.

कार्ड गेलं म्हणून येणाऱ्या मशिनींत खरंच गेलेलं कार्ड कमीच निघतं. कुणी मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टात लावलेली असते. मार्केट यार्डातल्या पेढ्यांवरची मशिनं उघडली की हीटसिंकमध्ये हळदीची भुकटी घट्ट बसलेली असते, ब्लोअर मारल्याशिवाय सुटत नाही. याचं मशीन मात्र स्वच्छ होतं. सेफ मोडमध्ये डीडीयू नावाच्या प्रोग्रामने कार्डाचा ड्रायव्हर मुळासकट काढून नवा टाकला, तरी फरक नाही.

मग मल्टिमीटर घेतला आणि मोकळ्या मोलेक्सच्या, म्हणजे वीज देणाऱ्या चार पिनांच्या जोडाच्या, 12 व्होल्टच्या पिवळ्या तारेवर टोक टेकवलं. मशीन नुसतं सुरू असताना 12.05 व्होल्ट. कार्डावर पूर्ण ताण टाकणारं फरमार्क चालू केलं आणि आकडा उतरू लागला. 11.6, 11.3, 11.0 आणि स्क्रीन काळी. इथे पाच टक्क्यांचीच सूट असते, 11.4 च्या खाली जाऊन चालत नाही.

कार्डाला वीज कुठून येते ते हाताने चाचपत गेलो. एसएमपीएसला, म्हणजे सगळ्या मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याला, कार्डासाठीची आठ पिनांची वायरच नव्हती. दोन मोलेक्स जोडणारा कन्व्हर्टर लावलेला, आणि ते दोन्ही मोलेक्स एकाच वायरवरचे. एक ओढून काढला तर पांढरं प्लास्टिक पिवळ्या पिनेभोवती तपकिरी होऊन वितळलेलं, जळका वास येत होता. एसएमपीएस बाहेर काढून स्टिकर वाचला. वर ठळक अक्षरांत 450 वॅट, खाली बारीक तक्त्यात 12 व्होल्टला 14 अँपिअर. बारा चोक अठ्ठेचाळीस आणि वर एकशे वीस, म्हणजे 168 वॅट. जुनं कार्ड 125 वॅटचं, प्रोसेसर 65 चा, बेरीज तिथेच 190. नवं कार्ड एकटंच 170 मागतं. ज्याने हे मशीन जोडून दिलं त्याने हा तक्ता बघितलाच नाही, किंवा बघून सोडला. एसएमपीएसमध्ये पैसे वाचवायची ही खोड मला सहन होत नाही. गिऱ्हाईक कार्ड विचारतं, रॅम विचारतं, एसएमपीएस कुणी विचारत नाही, म्हणून तिथेच कात्री लावायची.

माझ्याकडचा 550 वॅटचा चांगला एसएमपीएस बसवला, आठ पिनांची स्वतःची वायर असलेला. आणि मुद्दाम जुनं कार्ड लावलं. त्याचा दीड तासाचा लग्नाचा व्हिडिओ रेंडरला टाकला आणि दोघं स्क्रीनकडे बघत बसलो. कार्डाचं तापमान 71 अंशांवर जाऊन थांबलं. व्हिडिओ पूर्ण झाला.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे हे चांगलंच होतं?"

"होय. मी फोनवर चुकीचं सांगितलं."

"न्हाई ओ दादा, घाई माझीच हुती. सीझन तोंडावर आलावता."

त्याच्या या बोलण्याने मला जास्तच लागलं. फोनवर एक प्रश्न विचारला असता, एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो मागवला असता, तर कर्ज टळलं असतं. खोकं फोडलंय म्हणून दुकानदार नवं कार्ड परत घेईना. एसएमपीएसचे पैसे मी घेतले नाहीत, पण त्याने हप्ते थांबत नाहीत.

नवं कार्ड तो वापरतोय. जुनं विकून देतो म्हणून मी ठेवून घेतलं, ते अजून माझ्या फळीवर आहे. आजवर दोघं बघून गेले. दोघांनीही पहिल्यांदा हेच विचारलं, "खराब झालं म्हणून काढलंय का?"