जिबच्या शीटला गाठीऐवजी स्प्लाइस

आमच्या छोट्या शिडाच्या बोटीवर जिबच्या, म्हणजे पुढच्या तिकोनी शिडाच्या, दोन्ही शीट (शीड ओढून धरायचे दोर) बोलाइन गाठीने बांधलेल्या असायच्या. गाठ भरवशाची, सोडायलाही सोपी. पण बाजू बदलताना ते दोन गड्डे डोलकाठीच्या तारांना अडायचे आणि जिब नुसती फडफडत राहायची. स्टीलचं शॅकल (उघडता येणारी जोडकडी) लाव, असं एकाने सुचवलं. फडफडत्या शिडाच्या टोकाला स्टील आणि त्याच्या टप्प्यात आमची डोकी, म्हणून ते नकोच म्हटलं. त्यापेक्षा प्रत्येक शीटच्या टोकाला स्प्लाइस करून, म्हणजे टोक गाठ न मारता त्याच दोरात ओवून, लहान डोळा (कायमचा फास) करायचा आणि दोन्ही डोळे शिडाच्या कडीला सॉफ्ट शॅकलने, म्हणजे दोराच्याच जोडकडीने, जोडायचे असं ठरलं.

काम पावसाळ्यात काढलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे दिवाळे कोळीवाड्यातले ओळखीचे नाखवा घरीच जाळी दुरुस्त करत बसलेले. त्यांचा हात तीनपदरी दोरावर बसलेला: पदर उकलायचे, पीळ उघडून एकेक आत खोवायचा. माझा दोर ८ मिमी विणीचा पॉलिएस्टर, वर आवरण आणि आत वेगळा गाभा. तो बोटांत फिरवून नाखवा म्हणाले, "याला पदरच नाय, खोवशील काय?"

इथे आवरण गाभ्यात जातं आणि गाभा परत आवरणात. मापं फिडवर चालतात. एक फिड म्हणजे दोराच्या जाडीच्या २१ पट, माझ्या दोराला साधारण १७ सेंमी. डोळ्याच्या जागेपासून पाच फिडांवर एक सरकगाठ मारून ठेवायची, नाहीतर गाभा आतल्या आत पळतो. आवरणाचे धागे थोडेथोडे कापून टोक निमुळतं करायचं. तसं केलं नाही तर शेपूट संपतं तिथे दोराची जाडी एकदम बदलते आणि ताण नेमका तिथे येतो.

घाम निघतो तो शेवटी. मागे सारलेलं आवरण सांध्यावर परत चढवताना डोळ्याच्या गळ्याशी अडून बसतं. मी पडवीच्या ग्रिलला सरकगाठ अडकवून जोर लावत होतो. नाखवांनी दोर मागून घेतला, फुगीर जागा दोन्हीकडे वाकवली, लाकडी मोगरीने हलकेच ठोकली, मग मुठीने आवरण सारत नेलं. गेलं! वर गळ्याला मेणदोऱ्याचे टाके घातले. दोर मात्र नवाच घ्या. मिठाने ताठ झालेल्या जुन्या शीटशी झटापट करण्यात अर्थ नाही.

सॉफ्ट शॅकल त्यामानाने लवकर झालं. ५ मिमी डायनिमा (फार मजबूत कृत्रिम धाग्याचा दोर) दुमडायचा, एक पाय दुसऱ्याच्या पोटातून न्यायचा, टोकांना डायमंड नॉट, म्हणजे गोल गड्ड्याची गाठ. डायनिमा फार गुळगुळीत, म्हणून गाठ नुसत्या हाताने आवळून भागत नाही. अंगाचं सगळं वजन टाकावं लागतं.

आता जिब तारांवरून न अडकता सरकते. आमच्याकडे दोन जिब आहेत, शीट सारख्या काढाव्या-लावाव्या लागतात, म्हणून हा खटाटोप. एकच जिब असेल तर एक लांब दोर मध्यावर दुमडून कडीतून ओवा, दोन्ही टोकं त्या फासातून काढून ओढा, काम झालं.