टीव्हीच्या वायरी भिंतीत घेताना: माझा अनुभव

टीव्ही भिंतीवर टांगायचे ठरले तेव्हा खालच्या कपाटातील सेट-टॉप बॉक्स आणि साउंडबार यांच्या वायरी लोंबकळत दिसू नयेत, एवढीच आमची अपेक्षा होती. काम हाती घेतल्यावर कळले की खरा विचार वायरीचा नसून तिच्यासाठी भिंतीत टाकायच्या पाइपाचा आहे, कारण प्लास्टर झाल्यानंतर वायर बदलता येते, पाइप बदलायचा तर भिंत पुन्हा फोडावी लागते.

पुण्यातील आमची इमारत जुनी असल्यामुळे आरसीसीचे खांब आणि त्यांच्यामध्ये विटांच्या भिंती, अशी तिची रचना आहे. अनेक नव्या संकुलांत ॲल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती असतात. त्या इमारतीचा भार पेलतात, म्हणून तिथे झिरी (पाइपासाठी भिंतीत खाच) मारण्याचा विचार सोडून वरून केसिंग पट्टी, म्हणजे वायरी झाकणारी पट्टी, लावणेच योग्य. विटांच्या भिंतीतही उभी झिरी जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल नसावी, असा बांधकामातील संकेत आहे. आमची भिंत चार इंची असल्याने आडव्या झिरीला पाऊण इंचही मिळत नव्हता, त्यामुळे कपाटच टीव्हीच्या बरोबर खाली सरकवले आणि झिरी सरळ उभी घेतली. त्या जागेतून आधीची वायर किंवा पलीकडच्या स्वयंपाकघरातील पाण्याची लाइन जात नाही, याची खात्री अर्थातच आधी करून घेतली होती.

इलेक्ट्रिशियनदादांनी नेहमीप्रमाणे 25 मिलिमीटरचा पाइप आणला होता. "ताई, यातून सगळ्या वायरी जातात," असे ते म्हणाले, आणि विजेच्या वायरींपुरते ते बरोबरच होते. मी टीव्हीकडे चित्र आणि आवाज नेणाऱ्या एचडीएमआय केबलचे टोक पाइपाच्या तोंडाशी धरून दाखवले. त्याचा धातूचा भाग जेमतेम 14 मिलिमीटर रुंद असला, तरी भोवतीचे प्लास्टिक पाइपाच्या कडेला अडत होते. अँटेनाची किंवा लॅनची वायर आधी ओढून तिला टोक नंतर बसवता येते. एचडीएमआयच्या टोकात 19 पिना असतात आणि ते कापून जागेवर पुन्हा जोडणे घरगुती कामात शक्य नसते. दादांनी क्षणभर पाहिले आणि स्वतःच 32 मिलिमीटरचा पाइप आणायला माणूस पाठवला. कुठेही एल्बो (काटकोनी जोड) न लावता पाइपाची दोन्ही टोके भिंतीत बसवलेल्या बॉक्समध्ये सरळ उघडली, कारण काटकोनी वळणावर हे ताठ टोक हमखास अडकते.

विजेसाठी वेगळी झिरी घेऊन वेगळा पाइप टाकला आणि टीव्हीच्या मागे स्वतंत्र प्लग पॉइंट काढला. टीव्हीसोबत आलेली लवचीक वायर प्लास्टरखाली गाडणे सुरक्षित नाही आणि मुख्य विजेची वायर एचडीएमआयच्या पाइपात घालणे त्याहून धोक्याचे, या बाबतीत तडजोड करूच नये असे मला वाटते.

केबल तीन मीटरची, सेकंदाला 48 गिगाबिट क्षमतेचे प्रमाणित लेबल असलेली घेतली. साधी तांब्याची केबल जितकी लांब, तितकी हा वेग टिकवणे तिला अवघड जाते. लांब अंतरासाठी ऑप्टिकल केबल मिळते, पण तिची दोन टोके वेगळी असतात आणि ती उलटी ओढली तर चित्र येतच नाही. आमची केबल आधी बाहेरच जोडून, चित्र आणि साउंडबारचा आवाज नीट येतो हे पाहून, मगच वायर ओढायच्या स्प्रिंगने पाइपातून ओढली. पुढे वायर बदलायची झाल्यास ओढता यावी म्हणून तिच्यासोबत नायलॉनची एक दोरीही पाइपात सोडून ठेवली आणि झुरळे शिरू नयेत म्हणून पाइपाच्या तोंडाशी फोमचा तुकडा बसवला.

झिरीवर चिकन जाळी (तारेची बारीक जाळी) ठोकून गवंड्याने माल भरला. पाणी मारण्यात आम्ही कसूर केली नाही, नाहीतर तिथे नेमकी केसासारखी चीर पडते. माल भरण्यापूर्वी मात्र उघड्या झिरीशेजारी टेप धरून छायाचित्रे काढली होती आणि कोपऱ्यापासूनची अंतरे लिहून ठेवली होती. ब्रॅकेट बसवणारा कारागीर ड्रिल घेऊन आला तेव्हा तीच त्याच्यापुढे ठेवली, आणि त्याने दोन्ही पाइप टाळून भोकांच्या खुणा केल्या.