कचऱ्याचा भाव आणि रॉटरडॅमचे बंदर

युरोपात घरोघरी पाच-सहा रंगांचे डबे असतात आणि लोक प्रत्येक झाकण, प्रत्येक वेष्टन शिस्तीने वेगळे करून टाकतात, अशी समजूत घेऊन भारतातून आलेले पाहुणे आमच्या रॉटरडॅमच्या स्वयंपाकघरात प्लास्टिकचा डबा शोधू लागतात आणि तो त्यांना सापडत नाही. या शहरात काच आणि कागद वेगळे टाकावे लागतात. मात्र दह्याचे डबे, शाम्पूच्या बाटल्या आणि सर्व प्रकारची वेष्टने उरलेल्या कचऱ्याबरोबर एकाच पिशवीत बांधून रस्त्याच्या कडेला जमिनीत बसवलेल्या कंटेनरमध्ये सोडायची असतात. ती पिशवी बंदराच्या पश्चिम भागातील रोझेनबर्ग येथील कारखान्यात जाते. तेथे यंत्रे तिच्यातून प्लास्टिक आणि धातू निवडून काढतात आणि उरलेला भाग भट्टीत जातो. त्या भट्टीतून वीज निर्माण होते, शेजारच्या उद्योगांना वाफ मिळते आणि शहरातील हजारो घरांना हिवाळ्यात गरम पाणी मिळते.

मी बंदरातील मालवाहतुकीच्या कागदपत्रांचे काम करतो. कचरा हासुद्धा इतर मालासारखाच जहाजाने येतो, जहाजाने जातो, त्याला भाव असतो आणि त्याचा विमा उतरवावा लागतो, हे मला या नोकरीमुळे कळले. अनेकांना वाटते की श्रीमंत देश घाण बाहेर पाठवतात आणि गरीब देश ती पोटात घेतात. हे खोटे नाही, पण अपुरे आहे, कारण या बंदरात कचरा दोन्ही दिशांनी वाहतो.

आत येणाऱ्या कचऱ्याची कथा येथून काही मैलांवर असलेल्या लेकरकर्क या गावापासून सुरू होते. तेथील एक नवी वसाहत रसायनांची पिंपे पुरलेल्या जमिनीवर उभी असल्याचे 1980 मध्ये उघड झाले. अडीचशेहून अधिक घरे रिकामी करावी लागली आणि जमिनीतून दीड हजारांहून अधिक पिंपे बाहेर काढण्यात आली. नेदरलँड्सचा बराच भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे, भूजल हाताच्या अंतरावर आहे, आणि अशा देशात कचरा पुरणे म्हणजे पिण्याच्या पाण्यातच तो मिसळणे, ही गोष्ट त्या प्रकरणाने सर्वांच्या मनावर ठसवली. 1990 च्या दशकाच्या मध्यापासून येथे जाळता येण्याजोगा कचरा पुरण्यावर बंदी आली आणि पाठोपाठ मोठ्या भट्ट्या उभ्या राहिल्या. पुढे लोक कचरा अधिक वेगळा करू लागले, 2008 नंतरच्या मंदीत एकूण कचराही घटला आणि भट्ट्यांना पुरेसे खाद्य मिळेना. भट्टी बंद ठेवणे परवडत नाही, कारण तिच्यावर कर्ज असते आणि उष्णता पुरवण्याचे करारही झालेले असतात.

त्याच काळात इंग्लंडमध्ये नेमकी उलट अडचण होती. तेथे 1996 मध्ये कचरा पुरण्यावर कर लागू झाला आणि तो वर्षागणिक वाढत 2020 पर्यंत टनामागे सुमारे 94 पौंडांवर पोहोचला. स्वतःच्या भट्ट्या कमी, पुरणे महाग. तेव्हा कचरा वाळवून, दाबून, प्लास्टिकच्या आवरणात गुंडाळून त्याच्या गासड्या उत्तर समुद्रापलीकडे पाठवणे स्वस्त पडू लागले. 2012 च्या सुरुवातीला कचराकुंड्या तुंबलेल्या इटलीतील नेपल्सहून जहाजे रॉटरडॅमला आली आणि 2023 मध्ये रोमचा कचरा रेल्वेने ॲमस्टरडॅमच्या भट्टीकडे निघाला. पाठवणारा पैसे देतो, जाळणारा पैसे घेतो आणि वर वीज विकतो, असा हा उलटा बाजार आहे. काही वर्षे नेदरलँड्समध्ये असा दहा लाख टनांहून अधिक परदेशी कचरा जळत होता. मग सरकारला हवामानाच्या उद्दिष्टांची आठवण झाली, कारण परदेशी कचऱ्याचा धूर डच खात्यात जमा होत होता. जानेवारी 2020 पासून आयात कचऱ्यावरही देशी कचऱ्याइतकाच, म्हणजे टनामागे सुमारे 32 युरो कर लागू झाला, आणि इंग्रजी गासड्या लगोलग घटल्या. नैतिकतेच्या आवाहनांनी जे झाले नव्हते ते एका कराने काही महिन्यांत घडवले.

बाहेर जाणाऱ्या कचऱ्याचे गणित वेगळे आहे आणि ते समजण्यासाठी जहाजाच्या परतीच्या फेरीकडे पाहावे लागते. चीनहून येणारे कंटेनर कपडे, फर्निचर आणि दूरदर्शन संच यांनी भरलेले असतात. परत जाताना युरोपकडे तेवढा माल नसतो. आपल्याकडे कांदा घेऊन दूरच्या बाजारात गेलेला नाशिकचा ट्रकवाला रिकाम्या गाडीने परतण्यापेक्षा मिळेल ते रिटर्न भाडे घेतो, तसेच जहाज कंपन्याही रिकाम्या कंटेनरपेक्षा अगदी नाममात्र भाड्यात रद्दी आणि प्लास्टिक नेण्यास तयार असतात. म्हणूनच रॉटरडॅमहून आशियातील बंदरापर्यंत प्लास्टिकची गासडी पाठवणे कित्येकदा ती ट्रकने युरोपातल्याच दुसऱ्या टोकाला नेण्यापेक्षा स्वस्त पडत असे. 1992 नंतरच्या पाव शतकात जगात एका देशातून दुसऱ्या देशात गेलेल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी सुमारे 45 टक्के एकट्या चीनने घेतला, त्यामागे स्वस्त मजुरीबरोबर हे परतीचे भाडेही होते.

जुलै 2017 मध्ये चीनने जागतिक व्यापार संघटनेला कळवले की वर्षअखेरपासून 24 प्रकारचा कचरा देशात घेतला जाणार नाही. पुढच्या मार्चपासून उरलेल्या प्रकारांमध्येही अर्ध्या टक्क्याहून अधिक भेसळ चालणार नव्हती. घरगुती कचऱ्यातून निवडलेल्या मालात इतकी शुद्धता आणणे जवळजवळ कोणालाच शक्य नव्हते. माल थांबला नाही, त्याने बंदर बदलले. मलेशियातील पोर्ट क्लांगजवळच्या जेंजारोम या गावात काही महिन्यांत बेकायदा कारखाने उभे राहिले. तेथे विकता येण्याजोगे प्लास्टिक वितळवले जाई आणि उरलेले रात्री उघड्यावर जाळले जाई. मलेशियाच्या तत्कालीन पर्यावरण मंत्री यो बी यिन यांनी 2019 मध्ये कंटेनर परत पाठवण्याची घोषणा केली आणि जानेवारी 2020 पर्यंत 150 कंटेनर तेरा देशांकडे परत गेले होते. ज्या देशांनी ते पाठवले होते त्यांच्यात श्रीमंत, पर्यावरणप्रेमी म्हणून मिरवणारे देश होते.

यातील मला सर्वाधिक खटकणारी बाब हिशेबाची आहे. युरोपात अनेक वर्षे प्लास्टिकची गासडी पुनर्प्रक्रियेसाठी रवाना झाली की ती पुनर्वापरात मोजली जात असे. पलीकडे तिचा निम्मा भाग जळला तरी येथील टक्केवारीवर त्याचा परिणाम होत नसे. 2019 मध्ये मोजणीचे नियम बदलले आणि प्रत्यक्ष प्रक्रियेत शिरलेले वजनच धरावे असे ठरले. आपण ज्या युरोपीय टक्केवारीचे दाखले भाषणांमधून देतो, त्यांपैकी जुने आकडे या सवलतीसह वाचायला हवेत.

कागदोपत्री कचऱ्याचे दोन वर्ग असतात. स्वच्छ, एकजिनसी, सहज प्रक्रिया होणारा माल एका साध्या माहितीपत्रासह जातो. मिश्र, घाणेरडा किंवा घातक माल मात्र पाठवणारा देश, वाटेतले देश आणि घेणारा देश या सर्वांच्या लेखी पूर्वसंमतीशिवाय हलवता येत नाही आणि त्यासाठी बँकेची हमीही द्यावी लागते. घातक कचऱ्याच्या देशोदेशींच्या वाहतुकीवर नियंत्रण ठेवणाऱ्या बाझेल करारातील ही पद्धत 2021 पासून बहुतांश मिश्र प्लास्टिकलाही लागू झाली. साहजिकच सारा खेळ माल पहिल्या वर्गात बसवण्याचा असतो. निरीक्षक कंटेनर उघडतात तेव्हा दाराजवळच्या गासड्या नीटनेटक्या आणि आतल्या ओल्या, कुजलेल्या निघणे ही नवलाची गोष्ट नाही. आपल्या भंगारवाल्याला ही युक्ती नवी वाटणार नाही; फरक इतकाच की तो पोते ओतून पाहिल्याशिवाय पैसे देत नाही, आणि बंदरात मात्र लाखो कंटेनरांपैकी मोजकेच उघडले जातात.

या व्यापाराचा सर्वात काळा अध्याय नेदरलँड्सशीच जोडलेला आहे. जुलै 2006 मध्ये प्रोबो कोआला नावाचे जहाज ॲमस्टरडॅमला लागले. त्राफिगुरा या तेलव्यापारी कंपनीने भाड्याने घेतलेल्या या जहाजावर हलक्या दर्जाचा नॅफ्था (कच्च्या तेलापासून मिळणारे पेट्रोलसारखे द्रव) कॉस्टिक सोड्याने धुण्यात आला होता आणि त्यातून उरलेले गंधकयुक्त सांडपाणी टाक्यांत साठले होते. बंदरातील कंपनीने ते नेहमीचे धुण्याचे पाणी समजून घनमीटरला सुमारे 27 युरो दर सांगितला आणि काही भाग उतरवूनही घेतला. मग परिसरातील लोकांना असह्य दुर्गंधी येऊ लागली, नमुने तपासले गेले आणि दर सुमारे 900 युरोंवर गेला. तेवढे पैसे देण्यापेक्षा त्राफिगुराने उतरवलेले पाणी परत जहाजात भरून घेतले आणि डच अधिकाऱ्यांनी जहाजाला जाऊ दिले. एस्टोनिया आणि नायजेरियामार्गे ते ऑगस्टमध्ये आयव्हरी कोस्टच्या आबीजान बंदरात पोहोचले. तेथे नुकताच परवाना मिळालेल्या एका स्थानिक ठेकेदाराने अगदी किरकोळ दरात ते सांडपाणी घेतले आणि रातोरात शहराभोवतीच्या अनेक उकिरड्यांवर ओतले. पंधराहून अधिक मृत्यूंची सरकारी नोंद झाली आणि एक लाखाहून अधिक लोक उपचारांसाठी दवाखान्यांत गेले. कंपनीने आयव्हरी कोस्ट सरकारशी 2007 मध्ये आर्थिक समझोता केला, मात्र मृत्यू आणि गंभीर आजार यांचा त्या सांडपाण्याशी संबंध असल्याचे तिने कधीही मान्य केले नाही. जुलै 2010 मध्ये ॲमस्टरडॅमच्या न्यायालयाने तिला बेकायदा निर्यात आणि मालाचे घातक स्वरूप लपवल्याबद्दल दहा लाख युरोंचा दंड ठोठावला. 27 आणि 900 या दोन दरांमधील दरीत आबीजान आहे. कायदा, करार आणि परवाने सगळे होते, आणि प्रत्येक टेबलावरच्या माणसाने आपल्यापुरता कागद पूर्ण केला होता.

भाव उलटा फिरला की काय होते, याचा एक गमतीदार नमुना आमच्या रस्त्यावर रोज दिसतो. येथे छोट्या प्लास्टिक बाटल्यांवर 2021 पासून आणि पेयांच्या डब्यांवर एप्रिल 2023 पासून 15 सेंट अनामत घेतली जाते, जी रिकामा डबा परत केल्यावर मिळते. त्यानंतर कचराकुंड्या उचकटून डबे गोळा करणारी माणसे डच शहरांत दिसू लागली आणि महापालिकांना कुंड्यांवर डबे ठेवण्यासाठी कड्या बसवाव्या लागल्या. पुणे-मुंबईत ज्या कचरावेचकांना आपण मागासलेपणाची खूण समजतो, ते 15 सेंटांनी युरोपात आणून उभे केले आहेत.

मात्र जेथे भाव मिळत नाही तेथे यंत्रेही थांबतात. रॉटरडॅम आणि ॲमस्टरडॅममध्ये कारखाने असलेली प्लास्टिक पुनर्प्रक्रिया करणारी एक कंपनी जानेवारी 2024 मध्ये दिवाळखोर झाली आणि त्यानंतर इतरही काही कारखाने बंद पडले, कारण बाहेरून येणारे नवे प्लास्टिक पुनर्प्रक्रिया केलेल्या प्लास्टिकपेक्षा स्वस्त मिळते. युरोपने आपला कचरा घरीच निस्तरावा, असा आग्रह वाढत असताना घरातली ही क्षमता घटत आहे.

भारताचा या व्यापाराशी जुना संबंध आहे. वंगणाच्या नावाखाली आयात झालेले टाकाऊ तेल न्हावा शेवा बंदरात वर्षानुवर्षे पडून राहिले होते आणि सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये तसे 133 कंटेनर आयातदारांच्या खर्चाने जाळून नष्ट करण्याचा आदेश दिला होता. प्लास्टिक कचऱ्याच्या आयातीवर भारताने 2019 च्या नियमदुरुस्तीने बंदी घातली. त्याआधी विशेष आर्थिक क्षेत्रांच्या वाटेने ती चालूच होती. परंतु भंगार लोखंड आणि रद्दी यांची आयात चालू आहे आणि ती थोडीथोडकी नाही. युरोपीय संघाने 2022 मध्ये बाहेर पाठवलेल्या सुमारे 3 कोटी 21 लाख टन कचऱ्यापैकी 1 कोटी 24 लाख टन तुर्कस्तानला आणि 35 लाख टन भारताला गेला. त्यातील लोखंडाला मी कचरा म्हणायला कचरतो, कारण ते भट्टीत थेट पोलाद होते. रद्दीचे तसे नाही. वापी आणि मुझफ्फरनगरच्या कागद गिरण्यांत परदेशी गठ्ठ्यांबरोबर परदेशी प्लास्टिकही येते, आणि ते शेवटी कोठे जाते हे त्या गिरण्यांच्या आसपास राहणाऱ्यांना विचारावे.

युरोपीय संघाच्या नव्या नियमांनुसार 21 नोव्हेंबर 2026 पासून ओईसीडी या मुख्यतः विकसित राष्ट्रांच्या संघटनेबाहेरील देशांना प्लास्टिक कचरा पाठवता येणार नाही. मे 2027 पासून इतर कचराही अशा देशांपैकी ज्यांनी स्वतः लेखी मागणी केली आहे आणि ज्यांची व्यवस्था युरोपीय आयोगाला पटली आहे, त्यांनाच पाठवता येईल. शिवाय माल घेणाऱ्या कारखान्याची त्रयस्थ तपासणी झालेली असावी लागेल. आमच्या क्षेत्रात आतापासूनच या तपासण्यांचा खर्च कोणी सोसायचा यावर वाटाघाटी चालू आहेत. माझा अंदाज असा की भारतातील मोठ्या गिरण्या ही प्रमाणपत्रे मिळवतील आणि युरोपीय रद्दी घेत राहतील. लहान गिरण्या मात्र अमेरिकेच्या गठ्ठ्यांकडे अधिक वळतील, कारण अमेरिका बाझेल कराराची सदस्य नाही आणि तिच्या निर्यातदारांवर अशा तपासणीची सक्तीही नाही.