बेट कशाला म्हणायचे?

दक्षिण चीन समुद्राच्या वादात फिलिपिन्सने चीनविरुद्ध मांडलेल्या खटल्याचा लवादाचा निवाडा १२ जुलै २०१६ रोजी जाहीर झाला, तेव्हा ‘ती बेटे फिलिपिन्सची ठरली’ असेच मी धरून चाललो होतो, आणि पुढे कित्येक महिने चारचौघांत तसे ठासून सांगतही होतो. नंतर पाचशे पानांच्या घरातला तो निवाडा सवडीने वाचायला घेतला, तेव्हा माझी समजूत साफ चुकीची असल्याचे सुरुवातीच्या पानांतच लक्षात आले. कोणते बेट कोणाचे, या प्रश्नाला लवादाने हातच लावलेला नाही, आणि तो लावण्याचा त्याला अधिकारही नव्हता. कारण सागरी कायद्याविषयीचा १९८२चा करार जमिनीच्या मालकीचा निकाल लावत नाही. मालक कोणीही असो, पाण्यातून डोके वर काढणाऱ्या एखाद्या खडकाच्या आधारावर भोवतालचा समुद्र किती मागता येतो, एवढेच लवादाला ठरवायचे होते. हे ‘एवढेच’ किती मोठे आहे, ते मला वाचता वाचता उमगत गेले.

करारानुसार खऱ्या अर्थाने बेट असेल, तर त्याला १२ सागरी मैलांचा प्रादेशिक समुद्र मिळतो आणि २०० सागरी मैलांपर्यंतचे अनन्य आर्थिक क्षेत्रही, म्हणजे तिथली मासळी, तेल आणि वायू यांवरचा हक्क. माणसांची वस्ती किंवा स्वतःचे आर्थिक जीवन ज्याला पेलवत नाही, असा नुसता खडक असेल, तर १२ मैलांवर थांबावे लागते. भरतीला बुडणारे आणि ओहोटीलाच उघडे पडणारे जे असेल, त्याच्या वाट्याला स्वतःचे म्हणून काहीच येत नाही. १२ मैल आणि २०० मैल त्रिज्येच्या वर्तुळांच्या क्षेत्रफळात पावणेतीनशे पटींहून अधिक अंतर पडते, हे लक्षात घेतले म्हणजे ‘बेट’ या साध्या शब्दावर एवढी कायदेपंडित मंडळी का तुटून पडतात, ते कळते.

दक्षिण चीन समुद्रातल्या स्प्रॅटली या बेटसमूहातल्या इतु आबाची गोष्ट यात मला सर्वांत रंजक वाटते. हे त्या समूहातले सर्वांत मोठे नैसर्गिक बेट, तरी लांबी जेमतेम १.४ किलोमीटर, आणि ताबा तैवानचा. तैवान या खटल्यात पक्षकार नव्हता. पण निकाल आपल्यावर शेकणार, हे ओळखून त्याचे तत्कालीन अध्यक्ष मा यिंग-जो जानेवारी २०१६मध्ये स्वतः तिथे जाऊन आले, आणि पुढे पत्रकारांनाही नेऊन विहिरीचे गोडे पाणी, भाजीचे वाफे, कोंबड्या असा सगळा संसार दाखवण्यात आला. लवादाला तो संसार पुरेसा वाटला नाही. बाहेरून रसद पुरवून ठेवलेले सैनिक आणि कर्मचारी म्हणजे वस्ती नव्हे. पूर्वी जपानी कंपन्यांनी तिथून खतासाठी पक्ष्यांची विष्ठा खणून नेली खरी, पण तो पैसा दुसरीकडे गेला, त्याला त्या बेटाचे ‘स्वतःचे’ आर्थिक जीवन म्हणता येत नाही, असा त्याचा युक्तिवाद. त्यामुळे इतु आबा कायद्याच्या भाषेत खडक ठरले, आणि सर्वांत मोठेच खडक ठरल्यावर बाकीच्यांची बातच नको. मला ही कसोटी जरा जास्तच कडक वाटते. फिलिपाइन समुद्रातले ओकिनोतोरिशिमा भरतीच्या वेळी खोलीभर जागेएवढेही उरत नाही. त्याला काँक्रीटचा वेढा घालून त्याभोवती जपान अनन्य आर्थिक क्षेत्र सांगतो, आणि तोच जपान चीनने हा निवाडा पाळावा असा आग्रह धरतो.

चीनने २०१३च्या अखेरीपासून सात ठिकाणी प्रवाळावर सुमारे ३,२०० एकरांची भर घातली आणि त्यांपैकी तीन ठिकाणी धावपट्ट्या बांधल्या, त्याचे काय? लवादाने त्या खडकांचा दर्जा त्यांच्या मूळ नैसर्गिक अवस्थेवरून ठरवला आणि त्यासाठी जुने सागरी नकाशे व सर्वेक्षणे धुंडाळली. त्या सातांपैकी एक असलेल्या मिसचिफ रीफवर आज विमाने उतरू शकतात, पण कायद्याच्या लेखी ते ओहोटीला उघडे पडणारे प्रवाळच आहे, आणि तेही फिलिपिन्सच्या आर्थिक क्षेत्रातले. १९४७च्या नकाशातून आलेली आणि मे २००९मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे पाठवलेल्या पत्राला जोडलेली ती प्रसिद्ध तुटक रेषाही, जिच्या आधारे चीन जवळपास सगळ्या दक्षिण चीन समुद्रावर हक्क सांगतो, टिकली नाही. तिच्या आतल्या साधनसंपत्तीवर चीनचे काही ऐतिहासिक हक्क असलेच, तरी १९९६मध्ये करार स्वीकारताना ते त्याच्याशी विसंगत असल्यामुळे संपले, असे लवादाने म्हटले.

चीनने खटल्यात भाग घेतला नाही. तरी डिसेंबर २०१४मध्ये आपली बाजू मांडणारे निवेदन मात्र त्याने प्रसिद्ध केले, आणि लवादाने ते अधिकारक्षेत्रावरचा आक्षेप मानून विचारात घेतले. सीमा आखणी आणि लष्करी हालचाली हे विषय सक्तीच्या निवाड्यातून वगळण्याची मुभा करार देतो, आणि ती चीनने २००६मध्ये रीतसर घेतलेली होती. मग कृत्रिम बेटांवर लवाद बोलला कसा? तर ही बांधकामे लष्करी नाहीत, असे खुद्द चीनच जाहीरपणे सांगत होता, आणि लवादाने त्याला त्याच्या शब्दात पकडले. निवाड्यातला हा भाग मी दोनदा वाचला.

दुसऱ्या बाजूचे चित्रही फारसे उजळ नाही. अमेरिकेने हा करार आजवर मान्य केलेला नाही. तत्कालीन अध्यक्ष रेगन यांनी १९८३मध्ये त्यातले नौकानयनाचे नियम रूढी म्हणून पाळण्याचे जाहीर केले खरे, पण सिनेटची संमती कधी मिळाली नाही; आणि तीच अमेरिका चीनला हा करार पाळायला सांगण्यासाठी युद्धनौका पाठवते. शिवाय हा वाद नुसता चीनशी नाही. एप्रिल २०२१मध्ये ‘जॉन पॉल जोन्स’ ही अमेरिकी विनाशिका लक्षद्वीपच्या पश्चिमेला भारताच्या आर्थिक क्षेत्रातून परवानगी न घेता गेली आणि तसे गेल्याचे तिच्या ताफ्याने जाहीरही केले. परदेशी नौदलांनी आपल्या आर्थिक क्षेत्रात संमतीशिवाय लष्करी सराव करू नयेत, ही भारताची भूमिका चीनच्या भूमिकेच्या बरीच जवळ जाते, याकडे आपल्याकडच्या चर्चेत सहसा काणाडोळा होतो.

अंमलबजावणीची यंत्रणा नसल्याने निवाडा रद्दी झाला, असे म्हणणारे बरेच भेटतात. मला ते अर्धवट वाटते. २०२०मध्ये इंडोनेशियाने संयुक्त राष्ट्रांना पाठवलेल्या पत्रात त्याचा हवाला दिला, जून २०२३मध्ये भारताने फिलिपिन्सबरोबरच्या संयुक्त निवेदनात त्याचे पालन व्हावे असे म्हटले, आणि नोव्हेंबर २०२४मध्ये फिलिपिन्सने आपल्या सागरी क्षेत्रांचा कायदाच केला. त्यानंतर दोनच दिवसांत चीनने स्कारबरो शोल या दोघांच्याही दाव्यातल्या प्रवाळाभोवती आधाररेषा, म्हणजे जिथून समुद्राची हद्द मोजतात त्या रेषा, आखून जाहीर केल्या. जो देश निवाडा मानत नाही, त्यालाही आपला दावा कायद्याच्या परिभाषेतच मांडावा लागला.

सर्वांत धोकादायक जागेविषयी मात्र लवादाने अधिकार नसल्याचे सांगितले. स्प्रॅटली समूहातल्याच सेकंड थॉमस शोल या उथळ प्रवाळावर फिलिपिन्सने १९९९मध्ये ‘सिएरा माद्रे’ हे दुसऱ्या महायुद्धातले, सुमारे शंभर मीटर लांबीचे जहाज मुद्दाम रुतवून ठेवले. आज त्याचे पत्रे गंजून भोके पडली आहेत, तरी ते नौदलाच्या सेवेतच आहे, आणि मूठभर सैनिक त्यावर राहतात. त्यामुळे त्यावर सशस्त्र हल्ला झाला, तर अमेरिकेबरोबरचा १९५१चा संरक्षण करार लागू होऊ शकतो. तिथला पेच दोन्हीकडच्या सैनिकी व निमलष्करी जहाजांमधला, म्हणून लष्करी हालचालींच्या अपवादात बसणारा, असे लवादाने ठरवले. १७ जून २०२४ रोजी तिथे चिनी तटरक्षक सुरे आणि कुऱ्हाडी घेऊन फिलिपिनो बोटींवर चालून आले, आणि एका नौसैनिकाने अंगठा गमावला. पुढच्याच महिन्यात दोन्ही देशांत रसद नेण्याविषयी तात्पुरता समझोता झाला. पण बोट निघाली की चीनचा प्रश्न तोच असतो, तिच्यात माणसांसाठी अन्नपाणी आहे की जहाज डागडुजी करून उभे ठेवण्यासाठी बांधकामाचे साहित्य.